मेलवरचा डेबियन आणि खोलीतला डेबियन

डेबियन ही जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेली, लिनक्सवर आधारलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टम. या प्रकल्पात नव्याने आलेल्याला आम्ही सगळ्यात आधी हेच सांगतो: जे लिहिलं नाही, ते घडलंच नाही. फोनवर ठरलं, जेवणाच्या रांगेत ठरलं, परिषदेच्या जिन्यात उभ्याउभ्या ठरलं, तरी प्रकल्पाच्या लेखी ते ठरलेलं नसतं. बगच्या (सॉफ्टवेअरमधल्या दोषाच्या) नोंदीत, मेलिंग लिस्टवर किंवा पॅकेजच्या, म्हणजे बसवायला तयार बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) उतरलं, की मगच ते खरं. कारण साधं आहे. आपण जागे असतो तेव्हा निम्मे सहकारी झोपलेले असतात, आणि झोपलेल्या माणसालाही त्या निर्णयात बोलायचा हक्क असतो.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक यांनी हा प्रकल्प जाहीर केला तोही संदेश लिहूनच. आज सुमारे हजार अधिकृत डेव्हलपर आहेत, त्यांच्याभोवती मेंटेनर (पॅकेजेस सांभाळणारे), अनुवादक, बग नोंदवणारे असे कितीतरी लोक आहेत. कंपनी नाही, कचेरी नाही, हजेरी नाही. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या 'ट्रिक्सी' या आवृत्तीत जवळजवळ सत्तर हजार पॅकेजेस आहेत, आणि त्यातलं बहुतेक काम एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी केलेलं आहे. तरीही २००० साली फ्रान्समधल्या बोर्डोला पहिलं डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनची परिषद, झालं, आणि तेव्हापासून लोक जवळजवळ दरवर्षी रजा काढून, पदरमोड करून एकत्र येतात. दोन्ही वाटांनी काम करताना जे कळत गेलं ते इथे लिहितो आहोत: काय मेलवरच करावं, कशासाठी भेटावं, आणि भेटलेल्या दिवसांचं मातेरं कशाने होतं.

आधी मेलची वाट. डेबियनच्या बग ट्रॅकरवर खातं काढावं लागत नाही. रिपोर्टबग हे साधन दोन-चार प्रश्न विचारतं, आपल्या मशीनवरच्या आवृत्त्या गोळा करतं आणि मेल पाठवतं. नोंद झाली की बगला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाचा स्वतःचा मेल पत्ता तयार होतो. त्या पत्त्यावर कुणीही लिहिलं की ते नोंदीत जमा होतं. क्रमांकापुढे 'डन' जोडलेल्या पत्त्यावर लिहिलं की बग बंद. क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस या तीन तीव्रतांचे बग म्हणजे 'आरसी', रिलीज अडवणारे.

एक नेहमीचा बग जवळून पाहू. जीसीसी हा कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर १५ व्या आवृत्तीपासून सी भाषेचं २०२३ चं मानक गृहीत धरतो. जुन्या कोडमध्ये फंक्शन पॉइंटर (फंक्शनचा पत्ता ठेवणारे) नुसते रिकामे कंस देऊन घोषित केलेले असतात. पूर्वी त्या रिकाम्या कंसांचा अर्थ 'आर्ग्युमेंट्स (फंक्शनला द्यायची मूल्यं) किती आणि कोणत्या, सांगितलेलं नाही' असा होता. आता 'एकही नाही' असा होतो. मग त्या पॉइंटरला पुढे दोन आर्ग्युमेंट्स दिल्या की 'टू मेनी आर्ग्युमेंट्स' म्हणत बिल्ड, म्हणजे पॅकेज बांधणं, थांबतं. 'बूल' (खरं-खोटं एवढंच सांगणारा प्रकार) हा आता भाषेचाच शब्द झाल्यामुळे ज्यांनी टाइपडेफ करून स्वतःचा बूल बनवला होता, तेही अडकतात.

असा बग घरी बसून सोडवताना आधी अनस्टेबलचं (डेबियनच्या घडत असलेल्या आवृत्तीचं) स्वच्छ क्रूट, म्हणजे मशीनवरच वेगळी ठेवलेली छोटी सिस्टम, घ्यावं आणि त्यात एसबिल्ड या साधनाने पॅकेज बांधावं. आपल्या रोजच्या मशीनवर बिल्ड झालं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, तिथे नको ती डझनभर डेव्ह (बिल्डला लागणारी) पॅकेजेस आधीच बसलेली असतात. लॉगमध्ये शेवटची नव्हे, पहिली एरर शोधावी. मेक हे बिल्ड चालवणारं साधन समांतर चालत असेल तर खरी एरर शेकडो ओळी वर असते. मग अपस्ट्रीमच्या, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या, गिटमध्ये (कोडच्या इतिहासात) बघावं, कारण पुष्कळदा दुरुस्ती तिथे आधीच झालेली असते आणि फक्त नवी आवृत्ती निघायची राहिलेली असते. पॅच, म्हणजे बदलाची फाइल, क्विल्ट या साधनाने डेबियनच्या पॅचेस फोल्डरमध्ये घालावा, वर डेप-३ या ठरलेल्या नमुन्याचं हेडर लिहावं: काय केलं, कुठून आणलं, कोणत्या बगसाठी, अपस्ट्रीमला कळवलं का. ही शेवटची ओळ बरेच जण रिकामी सोडतात, आणि पुढची आवृत्ती आली की मेंटेनरला तोच पॅच पुन्हा हाताने बसवावा लागतो. शेवटी जुन्या-नव्या पॅकेजांमधला फरक डेबडिफ या साधनाने काढून बगच्या पत्त्यावर पाठवायचा.

आणि थांबायचं. मेंटेनर परीक्षेत असेल, बाळंतपणात असेल, किंवा त्याचं त्या पॅकेजमधलं मन उडालं असेल. दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये हात घालायला एनएमयू (मेंटेनर नसलेल्याने केलेलं अपलोड) म्हणतात, आणि त्याचे रिवाज ठरलेले आहेत. आरसी बग सात दिवसांपेक्षा जुना असेल, तेवढ्या दिवसांत मेंटेनरची काही हालचाल नसेल आणि दुरुस्ती चालू असल्याची खूणही नसेल, तर थेट अपलोड करता येतं. सात दिवस उलटून गेलेल्या बाकीच्या आरसी बगसाठी दोन दिवसांच्या विलंबाच्या रांगेत टाकायचं, इम्पॉर्टंट बगसाठी पाच दिवस, इतर सगळ्यासाठी दहा. रांगेतून काढून घ्यायची मुभा मेंटेनरला शेवटच्या क्षणापर्यंत असते. आवृत्तीचा क्रमांकही बोलका असतो: १.२-३ चं १.२-३.१ झालेलं दिसलं की कळतं, पाहुण्याने केलेलं काम आहे.

ही वाट संथ आहे, पण पॅच तपासायला हीच उत्तम असं आमचं ठाम मत आहे. समोर बसलेल्या माणसाचा पॅच नाकारणं जड जातं. मेलवर तोच पॅच दुसऱ्या दिवशी डोकं थंड असताना वाचता येतो, ओळीखाली ओळ लिहून विचारता येतं. पाच वर्षांनी कुणाला प्रश्न पडला की हे असं का केलं, तर उत्तर बगच्या नोंदीत सापडतं. २०१८ पासून साल्सा हा डेबियनचा स्वतःचा गिटलॅब (कोड ठेवायची वेबसाइट) आहे आणि पुष्कळ टीम तिथे मर्ज रिक्वेस्टवर (बदल स्वीकारण्याच्या विनंतीवर) काम करतात. पण पॅकेजची अधिकृत हकीकत आजही बग ट्रॅकरवरच वाचायची असते. साल्सावर रिक्वेस्ट टाकली आणि बगमध्ये त्याचा दुवा दिला नाही, तर चार महिन्यांनी दुसरा कुणीतरी तेच काम पहिल्यापासून करतो. हे वारंवार होतं.

मेलचं दुखणं वेगळं आहे. दोन ओळींचं उत्तर लिहिणाऱ्याला ते नेमकं वाटतं, वाचणाऱ्याला तुसडं. इंग्रजी ही दोघांचीही दुसरी भाषा असेल तर आणखीच. आणि काही वाद असे असतात की प्रत्येक मेलने दोन्ही बाजू आपापल्या जागी आणखी घट्ट होतात. सिस्टमडी हे मुख्य इनिट, म्हणजे मशीन सुरू होताच बाकी सगळं चालू करणारा प्रोग्राम, व्हावं की नाही हा प्रश्न २०१३ च्या ऑक्टोबरात तांत्रिक समितीकडे बग ७२७७०८ म्हणून गेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये समितीच्या मतदानाने निकाल लागला. त्या काळातली लिस्ट ज्यांनी वाचली आहे त्यांना माणसं कशी दमतात हे वेगळं सांगायला नको. कॉल घेऊनही हे सुटत नाही, कारण कॉलवर कोण हजर राहू शकतं हाच पहिला अन्याय. युरोपातल्या नोकरदाराला सोयीची संध्याकाळ म्हणजे १९:०० यूटीसी. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणून बहुतेक टीम आयआरसीवर (लिहून गप्पा मारायच्या जाळ्यावर) मीटबॉट हा नोंदी ठेवणारा प्रोग्राम चालवून बैठक घेतात. विषय, ठरलेली गोष्ट, कुणी काय करायचं हे त्या त्या आज्ञेने नोंदलं की बैठक संपताच इतिवृत्त आपोआप तयार होतं आणि झोपलेला माणूस सकाळी उठून ते वाचतो.

आता खोलीकडे. सगळ्यात छोटा आणि सगळ्यात फळ देणारा प्रकार म्हणजे बग स्क्वॉशिंग पार्टी, आम्ही बीएसपी म्हणतो. शनिवार-रविवार, एखाद्या कॉलेजचा किंवा कंपनीचा हॉल, दहा ते वीस माणसं. वेळ निवडायची ती फ्रीझच्या, म्हणजे रिलीजआधी बदल टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या काळाच्या, आसपासची. ट्रिक्सीचं वेळापत्रक असं होतं: १५ मार्च २०२५ ला ट्रान्झिशन आणि टूलचेन फ्रीझ, १५ एप्रिलला सॉफ्ट फ्रीझ, १५ मेला हार्ड फ्रीझ. मार्च ते मे या काळात आरसी बग मारणं हेच प्रकल्पाचं मुख्य काम असतं, आणि रिलीज टीमही पटापट उत्तरं देते.

बीएसपी फसते ती बहुतेक वेळा पहिल्या तीन तासांत, आणि नेटवर्कमुळे. आपल्याकडच्या कॉलेजांत लॉगिन मागणारा प्रॉक्सी असतो आणि वेब सोडून बाकी सगळं बंद असतं. साल्साला एसएसएचसाठी (सुरक्षित जोडणीसाठी) पोर्ट २२ लागतं, डेबियन वापरतं त्या ओएफटीसीच्या आयआरसीला ६६९७. हे आठवडाभर आधी तिथल्या सिस्टम ॲडमिनला लेखी कळवावं आणि आदल्या दिवशी स्वतः जाऊन तपासावं. 'होऊन जाईल सर' यावर विसंबू नये. लॉगिन-प्रॉक्सी असेल तर क्रूट बांधताना पॅकेजऐवजी लॉगिनचं पान डाउनलोड होतं, हॅश (फाइलचा पडताळा-क्रमांक) जुळत नाही, आणि नवख्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

दुसरं, वीस लॅपटॉप एकाच वेळी तीच पॅकेजेस ओढायला लागले की कुठलंही कनेक्शन बसतं. एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी लावून ठेवावं. ते पोर्ट ३१४२ वर ऐकतं, आणि एकदा आलेलं पॅकेज बाकीच्यांना स्थानिक नेटवर्कवरून देतं. अनस्टेबलच्या तयार क्रूटचा टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) तीन-चार पेनड्राइव्हवर असावा. विंडोज लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांसाठी आधीच बसवलेल्या डेबियनची व्हर्च्युअल मशीन तयार ठेवावी: चार जीबी रॅम, तीस जीबी डिस्क, याहून कमीत मोठं पॅकेज बांधताना जीव जातो. वायरचा स्विच आणि भरपूर एक्स्टेंशन बोर्ड घ्यावेत. वायफाय हा पर्याय असावा, भिस्त नसावी.

तिसरी तयारी बगच्या यादीची, आणि हिच्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. डेबियनचा यूडीडी हा डेटाबेस हवी तशी गाळणी लावून बग काढून देतो. त्यातून मेंटेनरने 'बघतोय' लिहिलेले वगळायचे. उरलेल्यांच्या तीन गटांत वाटण्या करायच्या. पॅच लागलेला आहे पण कुणी तपासून चढवलेला नाही, असे पहिल्या गटात. नवख्यांना हे द्यावेत, कारण एका दुपारी पूर्ण काम हातून होतं. बिल्ड कोसळणारे दुसऱ्या गटात. तिसऱ्यात ते, ज्यात नेमकं काय बिघडलंय तेच कळत नाही. हे अनुभवी माणसाने जोडीला एक शिकणारा घेऊन बसायचे. यादी पॅडवर, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येतं अशा ऑनलाइन पानावर, ठेवायची: क्रमांक, पॅकेज, कोण घेतलंय, कुठवर आलंय.

चौथी गोष्ट माणसांच्या हिशेबाची. अर्काइव्हमध्ये, म्हणजे डेबियनच्या पॅकेजांच्या अधिकृत साठ्यात, कोणतंही पॅकेज चढवायचा अधिकार फक्त डेव्हलपरना असतो. बाकीच्यांचं काम त्यांनी तपासून, आपल्या सहीने चढवायचं असतं. एक पॅच नीट तपासायला अर्धा तास सहज जातो. पाच-सहा जणांमागे एक डेव्हलपर नसेल तर रविवारी दुपारी दहा-बारा पॅच तयार आणि तपासणारा एकटा, अशी कोंडी होते. म्हणून रविवारी तीननंतर नवा बग कुणीही घेऊ नये. तीननंतर फक्त तपासणी, अपलोड आणि लिहिणं.

काम चालू असताना दोन नियम कडक पाळावेत. बग हाती घेतला की लगेच आयआरसीच्या डेबियन-बग्ज चॅनेलवर आणि बगच्या नोंदीत तसं सांगायचं, कारण त्याच शनिवारी दुसऱ्या देशातही बीएसपी चालू असू शकते. आणि दोन तासांत वाट सापडली नाही तर काय काय करून पाहिलं ते बगला लिहून तो सोडून द्यायचा. हे 'जमलं नाही'चे मेल अतिशय मोलाचे असतात. 'कंपायलर जुना लावला तरी कोसळतं, म्हणजे दोष त्याचा नाही' एवढी एक ओळ पुढच्या माणसाचा अख्खा दिवस वाचवते.

खोलीचा खरा धोका मात्र वेगळा. शेजारी बसलेल्या मेंटेनरला विचारलं, 'मी चढवू का?', त्याने लॅपटॉपमधून डोकं न काढता मान डोलावली, काम झालं. बगच्या नोंदीत काही नाही, डेबडिफ नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खंडातला सहमेंटेनर विचारतो, हे कुणाला विचारून केलं? तांत्रिकदृष्ट्या पॅच बरोबर असतो, आणि तरीही तो मागे घेतला जातो. म्हणून आमच्याकडे जेवणाआधी आणि निघण्याआधी अर्धा तास 'लिहिण्याचा' असतो. त्या वेळात कुणी कोड लिहीत नाही. सकाळपासून तोंडी जे जे ठरलं ते ते बगमध्ये जातं. कंटाळवाणं आहे, आणि बीएसपीतला हाच सगळ्यात कामाचा अर्धा तास आहे.

भेटल्याशिवाय नीट होत नाही असं एक काम म्हणजे किल्ल्यांवर सह्या. किल्ली म्हणजे जीपीजी या प्रोग्रामने बनवलेली आपली डिजिटल ओळख, आणि तिच्यावरची सही म्हणजे 'ही याच माणसाची' अशी दुसऱ्याची ग्वाही. डेव्हलपर व्हायचं तर आपल्या जीपीजी किल्लीवर आधीच्या दोन डेव्हलपरांच्या सह्या लागतात. अपलोड, मतदान, सगळं त्या किल्लीच्या भरवशावर चालतं, त्यामुळे किल्लीमागे खरंच तोच माणूस आहे हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं, अशी ही व्यवस्था. महासाथीत भेटीच बंद झाल्या तेव्हा या किल्लीने सही केलेलं काम आपण दीर्घकाळ पाहिलं आहे असं लेखी सांगण्याची दुसरी वाट काढली गेली. ती रास्त आहे. पण ज्याने अजून फारसं काम केलेलं नाही त्याला तिचा उपयोग नाही.

रीत अशी. किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची चाळीस अक्षरांची खूण, छोट्या चिठ्ठ्यांवर छापून न्यायचा. समोरच्याचं सरकारी ओळखपत्र पाहायचं, चेहरा जुळवायचा, नाव किल्लीवरच्या नावाशी जुळतंय का बघायचं, चिठ्ठीवर स्वतःची खूण करून खिशात ठेवायची. भारतीयांनी पासपोर्टच न्यावा. आधार कार्ड खरं की बनावट हे परदेशी माणसाला ओळखता येत नाही आणि तो प्रामाणिकपणे नकार देतो. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि किल्लीवर नुसती आद्याक्षरं, अशी तफावत असेल तर घरून निघण्याआधीच किल्लीवर पूर्ण नावाची ओळख जोडून घ्यावी. मोठ्या मेळाव्यात सगळ्यांच्या फिंगरप्रिंटची एकच फाइल आधी वाटतात; प्रत्येकाने ती घरी छापायची, तिचा हॅश स्वतः काढायचा आणि तिथे मोठ्याने वाचलेल्या हॅशशी ताडून पाहायचा. कॉम्प्युटर त्या खोलीत कुणीही उघडत नाही. सही घरी जाऊन.

आणि घात घरी जाऊनच होतो. चिठ्ठ्या बॅगेत राहतात. ज्यांनी सही केली तेही ती कॅफ या साधनाने पाठवतात: किल्लीवरच्या प्रत्येक मेल पत्त्यासाठी वेगळी सही, त्या पत्त्यावर सांकेतिक करून. मेल उघडता आला म्हणजे पत्ताही त्याचाच, अशी त्यातली खुबी. पुढचं पाऊल किल्लीच्या मालकाने उचलायचं असतं: मेल उलगडायचे, सह्या आयात करायच्या आणि किल्ली पुन्हा की-सर्व्हरवर, म्हणजे किल्ल्या सगळ्यांना मिळतात त्या सर्व्हरवर, चढवायची. इथे दोन खाचा आहेत. कीज-ओपनपीजीपी हा सर्व्हर दुसऱ्यांच्या सह्या ठेवतच नाही, तेव्हा अर्जदाराने उबंटूच्या की-सर्व्हरसारखा त्या ठेवणारा सर्व्हर वापरावा. आणि २०१९ मध्ये खोट्या सह्यांचा पूर आणून किल्ल्या निकामी करण्याचे प्रकार झाल्यापासून, सर्व्हरवरून किल्ली घेताना जीपीजी इतरांच्या सह्या आपणहून गाळतं. त्यामुळे 'माझ्या किल्लीवर सह्याच दिसत नाहीत' अशी घाबरून केलेली विचारणा हमखास येते. ज्यांची किल्ली डेबियनच्या कीरिंगमध्ये (अधिकृत किल्ल्यांच्या संचात) आधीच आहे त्यांनी ती डेबियनच्या स्वतःच्या की-सर्व्हरला पाठवायची. तिथले बदल अधिकृत कीरिंगमध्ये साधारण महिन्यातून एकदा घेतले जातात. सही पाठवायला आम्ही स्वतःला आठ दिवसांची मुदत घालतो. त्यानंतर माणसाचा चेहरा आठवेनासा होतो, आणि मग प्रामाणिकपणे सही करताच येत नाही.

मोठ्या भेटीचं मोल कशात आहे, याला आमच्याजवळ रिप्रोड्यूसिबल बिल्ड्सइतकं चांगलं उदाहरण नाही. एकाच सोर्सपासून कुणीही, कुठेही बिल्ड केलं तरी बिट न् बिट तंतोतंत तेच पॅकेज निघावं, ही कल्पना २००७ मध्ये डेबियन-डेव्हल लिस्टवर मांडली गेली होती. व्यवहार्य नाही, असा सूर लागला आणि चर्चा विरली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या व्होमार्कसच्या डेबकॉन्फला जेरेमी बोबियो, ज्यांना सगळे लुनार म्हणत, यांनी त्यावर एक बॉफ घेतला. बॉफ म्हणजे भाषणाशिवायची गटचर्चा, गोल बसून. तिथे 'जमेल का' हा प्रश्न मागे पडला आणि 'कुठे कुठे अडतं' याची यादी सुरू झाली: बिल्डची वेळ फाइलमध्ये शिरते, फाइलसिस्टम फाइली वेगवेगळ्या क्रमाने देते, बिल्ड फोल्डरचा मार्ग बायनरीत उमटतो, लोकॅल (भाषा-प्रदेशाची निवड) बदललं की सॉर्टिंग बदलतं. पुढच्याच महिन्यात ५,२४० सोर्स पॅकेजेस पुन्हा बांधून पाहिली, तेव्हा २४ टक्के जुळली. जानेवारी २०१४ मध्ये ६,८८७ पैकी ६७ टक्के.

खोलीने काय दिलं ते इथे नीट पाहण्यासारखं आहे. एकही पॅच त्या खोलीत पूर्ण झाला नाही. पॅच हजारोंनी लागले, ते सगळे पुढे कित्येक वर्षं बग ट्रॅकरवर, एकेका मेंटेनरला एकेक मेल लिहून गेले. खोलीत फक्त एवढंच झालं, की जमलेल्या माणसांना एकमेकांच्या तोंडून ऐकू आलं की हे आपल्यालाही करावंसं वाटतंय. लिस्टवर नकार देणारा एक मेल शंभर जणांना गप्प करतो, आणि मनातून होकार असलेले नव्वद जण काहीच लिहीत नाहीत. समोरासमोर त्यांच्या माना हललेल्या दिसतात. पुढे २०१५ च्या डिसेंबरात अथेन्सला वेगवेगळ्या प्रकल्पांची याच विषयावर स्वतंत्र परिषद झाली, तीही याच कारणासाठी.

दोन्ही एकत्र करायला गेलं की मात्र अवघड होतं. २०२० चं डेबकॉन्फ इस्रायलमधल्या हैफाला व्हायचं होतं, ते ऑगस्टमध्ये ऑनलाइन झालं. भाषणं आधी रेकॉर्ड करून घेतली, प्रश्न आयआरसीवर आणि पॅडवर, उत्तरं जित्सी या व्हिडिओ कॉलवरून थेट. भाषणांचं छान निभावलं; नेट तुटलं तरी भाषण तुटत नाही, आणि एरवी तिकीट परवडत नसलेले लोक आले. हरवली ती मधली वेळ. सत्राबाहेर कॉफी घेताना 'तुझं ते पॅकेज अडलंय, पाच मिनिटं आहेत का?' म्हणून होतं ते काम व्हिडिओ कॉलवर कुणी ठरवून करत नाही.

त्यानंतरच्या मिश्र परिषदांत खोलीबाहेरच्यांना सामील करून घेणं हे स्वतंत्र कामच आहे. डेबकॉन्फच्या एका मोठ्या सभागृहाला एका वेळी दोन कॅमेऱ्यांवर दोघं, साउंडवर एक, दृश्य बदलणारा डायरेक्टर आणि सूत्रसंचालक अशी पाच माणसं लागतात. सगळे स्वयंसेवक, बरेचसे त्याच सकाळी शिकलेले. सगळं चुकतं ते आवाजात. प्रेक्षकातल्या कुणी माइक न घेता प्रश्न विचारला की खोलीतल्यांना ऐकू येतो आणि स्ट्रीमवर नुसती शांतता. सूत्रसंचालकाने उत्तर थांबवून माइक पोचवलाच पाहिजे. भीड बाळगू नये. गटचर्चेत आणखी वाईट, तिथे चौघं एकदम बोलतात. आम्ही एका माणसाला हेच काम देतो: पॅडवर सलग नोंदी, आयआरसीवर डोळा, आणि बाहेरचा प्रश्न आला की हात वर करून चर्चा तोडायची मुभा. या माणसाने स्वतः चर्चेत भाग घ्यायचा नसतो. हे सोसणारा कुणी मिळाला नाही तर बाहेरच्यांना खोटी आशा न लावता सत्र फक्त खोलीपुरतं ठेवावं, पण नोंदी त्याच दिवशी लिस्टवर टाकाव्यात.

कोचीला, इन्फोपार्कमध्ये, १० ते १७ सप्टेंबर २०२३ ला डेबकॉन्फ झालं तेव्हा भारतातल्या कितीतरी जणांना व्हिसा आणि विमान या दोन भिंती ओलांडाव्या लागल्या नाहीत. त्यांच्यासाठी ती पहिलीच भेट होती. उलट परदेशातून येणाऱ्यांना परिषदेचा वेगळा व्हिसा काढावा लागला, ज्याची आपल्याला एरवी उलट्या दिशेने सवय असते. बाहेरच्या डेबकॉन्फला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बर्सरी, म्हणजे प्रवास-निवासाची मदत, मिळते आणि मागायला संकोच करू नये. अर्जात आधी केलेल्या कामाचे बग क्रमांक आणि तिथे जाऊन नेमकं काय करणार ते लिहावं. पण प्रवासाचे पैसे साधारणपणे परिषद झाल्यावर, पावत्या दिल्यावर हाती येतात, तेव्हा तिकिटाची रक्कम आधी स्वतः उभी करावी लागते. आणि व्हिसाचं पत्र बर्सरीच्या निकालाची वाट न बघता मागावं. निकाल आल्यावर मागितलं की वकिलातीची तारीख मिळत नाही.

शक्य असेल तर डेबकॉन्फच्या आधीचा डेबकॅम्पचा आठवडा गाठावा. त्यात भाषणं नसतात, टीम एका टेबलाभोवती बसून काम उपसतात. नवख्याला हाच आठवडा जास्त देऊन जातो, कारण लोकांना वेळ असतो. मुख्य आठवड्यात सगळेच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावत असतात.

परतल्यावरचा पहिला आठवडा मोकळा ठेवावा. पॅड कधी ना कधी पुसलं जातं, म्हणून त्यातला मजकूर संबंधित टीमच्या लिस्टवर जावा, आणि वर स्पष्ट लिहावं: हे प्रस्ताव आहेत, निर्णय नाहीत, दोन आठवडे हरकतींची वाट बघू. ज्यांना येता आलं नाही त्यांच्या हरकती याच काळात येतात आणि पुष्कळदा त्या बरोबर असतात. समोरासमोर रंगात आलेल्या चर्चेत कुणाच्या लक्षात न आलेलं आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) किंवा एखादं अवलंबून असलेलं पॅकेज त्यांना दिसतं. ज्या कामापुढे कुणाचं नाव नाही ते यादीतून सरळ काढावं. चिठ्ठ्यांवरच्या सह्या करून टाकाव्यात. बीएसपीत विलंबाच्या रांगेत टाकलेली पॅकेजेस आता एकेक करून अर्काइव्हमध्ये शिरत असतात, आणि तिथून टेस्टिंगमध्ये (पुढच्या रिलीजसाठी तयार होणाऱ्या आवृत्तीत) जायला साधारण पाच दिवस घेतात, तेही सगळ्या आर्किटेक्चरवर बिल्ड झालं तर. या पॅकेजेसची स्थिती दाखवणारी पाने रोज बघावीत. एस-३९०-एक्ससारख्या बिग-एंडियन (आकड्यांचे बाइट नेहमीच्या उलट क्रमाने ठेवणाऱ्या) मशीनवर चाचणी कोसळली, तर ती आपल्याच पॅचमुळे असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा शेजारी विचारायला कुणी नसतं. त्या बगच्या पत्त्यावर मेल लिहायचा, लॉगची पहिली एरर जोडून.